जुन्या बाटलीची सर्दी

दि. ४ फेब्रुवारी

ती. स्व. मावशीस,
भिंगरीचा सा. न. वि. वि.

तुझ्या दोन पत्रांना उत्तर दिलं नाही म्हणून तू मला नावं ठेवत असशील. ठेव. आज मी इतकी खुशीत आहे की ती सगळी आनंदाने लावून घेईन.

तू नेहमी विचारतेस की विंचवाच्या विषात डोकं खुपसून मी दिवसभर करते तरी काय. तर ऐक. विष म्हणजे एक वस्तू नाही. त्या थेंबभर दुधट पाण्यात कितीतरी प्रथिनं असतात, तुझ्या शिवणाच्या डब्यातल्या बटणांसारखी सगळी एकत्र. आमचं यंत्र ती निवडून एकेक करून बाहेर सोडतं आणि प्रत्येकाची पडद्यावर एक टेकडी काढतं. मग एकेका टेकडीतलं पाणी मी काचेच्या ताटलीत वाढवलेल्या मज्जापेशींवर टाकून बघते. या पेशींना बारीक बारीक दारं असतात आणि दुखण्याची कळ त्यातल्या एका दारातून पुढे जाते. शेवटून दुसऱ्या टेकडीतला थेंब टाकला आणि ते दार बंद झालं. फक्त तेच, बाकीची दारं जशीच्या तशी चालू. कळ थांबवेल पण माणसाला गुंगवणार नाही, असं औषध लोक किती वर्षं शोधताहेत, आणि इथे एक विंचू ते शेपटीत घेऊन बसलाय.

मी पुन्हा करून पाहिलं, परत तेच. आमच्या प्रमुख बाई कुणाचं कौतुक म्हणून करत नाहीत, पण त्या माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या आणि जेवायला जायचं विसरल्या. म्हणाल्या की हेच नव्या बाटलीतल्या विषावर पुन्हा दिसलं, तर मे महिन्याच्या परिषदेत मी बोलायचं. मी, मावशी. माझ्या शेजारच्या टेबलावरचा जिराफ (मान लांब आहे म्हणून, माणूस चांगला आहे) तेव्हापासून मला वाकून नमस्कार करतो, आणि त्याला वाकायला बराच वेळ लागतो.

बाकी ठीक. वाळवलेलं विष तुझ्या मैद्याहून हलकं असतं, तोंडाला पट्टी बांधूनही बाटली जपूनच उघडावी लागते. त्यात मला मेली सर्दी झालीय, शिंकांनी जीव नकोसा केलाय. हवा बदलली की होते तशी.

लोभ आहेच, पत्राला उशीर झाला म्हणून तो कमी करू नये ही विनंती.

तुझी,
भिंगरी


दि. १२ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
मावशीचे पोतंभर आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मी बेकरीत मोठ्याने वाचून दाखवलं. भट्टीवरच्या बायकांना दारं कळली, टेकड्या कळल्या नाहीत. मला दोन्ही कळलं असं मी दाखवलं. एका गिऱ्हाइकाने विचारलं की म्हणजे विंचू चावला की दुखणं थांबतं का. मी सांगितलं की तसं असतं तर मी दुकानात पाव कशाला ठेवले असते. तुझ्या आईलाही सांगून आले. तिला अभिमान वाटतो, पण मुलीने एखाद्या बऱ्या प्राण्यावर काम करायला हवं होतं असं तिचं अजूनही मत आहे.

मला किती आनंद झालाय ते लिहिता येत नाही. आपल्या घरात कुणी परिषदेत बोललेलं नाही, भांडणात बोलणारे मात्र पुष्कळ. मे महिन्यात दुकान बंद ठेवून मी ऐकायला येणार, कळलं नाही तरी.

एक गोष्ट मात्र आवडली नाही, ती तुझी सर्दी. माझंही मैद्याने असंच सुरू झालं होतं आणि शेवटी भट्टी सोडून गल्ल्यावर बसायची वेळ आली, हे तू डोळ्यांनी पाहिलंयस. सुट्टीच्या दिवशी असते का ही सर्दी, तेवढं कळव.

जिराफाला आशीर्वाद, वाकू नकोस म्हणावं. माया आहे तशीच आहे, तू जिवाला जप.

तुझी,
मावशी


दि. ६ मार्च

ती. स्व. मावशीस,
सा. न. वि. वि.

सगळं मुसळ केरात गेलं. नव्या विंचवांच्या विषाची बाटली आली. मी लगेच यंत्र लावलं. टेकडी तीच, त्याच जागी, उंचीही तीच. वजन करून पाहिलं तर प्रथिनही तेच. आणि पेशीवर टाकलं तर दार सताड उघडं. रोज करून पाहते, रोज उघडं. जिराफ चांगला माणूस आहे म्हणून हळूच म्हणाला की पहिल्या वेळी आपल्यालाच तसं दिसावंसं वाटत होतं. बाई सरळ तारखेवर आल्या, ते जास्त लागलं. महिनाअखेरपर्यंत उलगडा झाला नाही तर हे काम बंद करून माझं टेबल सापांच्या विषाकडे देणार आहेत. मे महिना विसरायचा.

गुरुवारी मी हट्टाने जुन्या बाटलीचा तळ खरवडला आणि त्यावर एकदा करून पाहिलं. दार बंद झालं. शपथ घेऊन सांगते, खटकन बंद झालं. म्हणजे मला भास झाला नव्हता. पण दोन बाटल्यांत फरक काय, ते कुणालाच सांगता येत नाही. या कोड्याने मला झोप नाही, आणि खरं सांगू, मजाही येतेय. दुसरं कुठलंही काम आता मला अळणी लागेल.

तुझ्या मैद्याची गोष्ट वेगळी, माझी सर्दी साधी होती. नवी बाटली आल्यापासून गेलीसुद्धा, नाक इतकं मोकळं कितीतरी महिन्यांत नव्हतं. गुरुवारी जरा उलटली, छातीत शिट्ट्या वाजल्या, पण दुसऱ्या दिवशी बरी होते. आईला सांगू नकोस.

रागावू नये, लोभ मात्र करावा.

तुझी,
भिंगरी


दि. १० मार्च

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

दोन्ही गोष्टी तू एकाच कागदावर लिहिल्यास आणि एकीने दुसरीकडे बघितलंसुद्धा नाहीस. जुनी बाटली उघडली की दार बंद आणि नाक वाहतं. नवी उघडली की दार उघडं आणि नाक मोकळं. अगं, जुन्या बाटलीत असं काहीतरी आहे जे नव्या बाटलीत नाही. यंत्राला टेकडी सारखी दिसते तर दिसू दे, तुझ्या नाकाला सारखी वाटत नाही. मी शास्त्र सांगत नाही, शास्त्र तुझं. पण शिंक हा माझा विषय आहे. मला काही पोत्यांनी शिंका यायच्या आणि काहींनी नाही.

आता दुसरं. मला सर्दी शिकवू नकोस. सुट्टीच्या दिवशी असते का, याचं उत्तर तू दिलं नाहीस, म्हणजे मला मिळालं. तू बाईंना सांगत नाहीस कारण सांगितलं की ते टेबल सुटेल. ते कसं लागतं हे मला दुसऱ्याने सांगायला नको. पण शिट्ट्या छातीपर्यंत आल्या की ती सर्दी राहत नाही. सिर सलामत तो पगडी पचास. हे पत्र वाचून झालं की तशीच उठ आणि बाईंना दोन्ही गोष्टी सांग, शिंकेची आणि बाटलीची. आठवड्यात कळवलं नाहीस तर मी पिशवी घेऊन तुझ्या प्रयोगशाळेच्या दारात येऊन बसेन, आणि आईला बरोबर आणेन.

रागावले आहे. मायेत फरक नाही.

मावशी


दि. ९ एप्रिल

ती. स्व. मावशीस,
शि. सा. न. वि. वि. (शि. म्हणजे शिरसाष्टांग. आज साध्या नमस्काराने भागणार नाही.)

मागच्या महिन्यातल्या चिठ्ठीत मी फक्त बाईंना सांगितलं एवढंच कळवलं होतं. आता सगळं ऐक, आणि गल्ल्यावर नीट बसून वाच.

बाईंनी त्याच दिवशी मला डॉक्टरकडे नेलं. विषाची ॲलर्जी. डॉक्टर म्हणाले की पुढच्या खेपेला नाकावर थांबणार नाही, गळा बंद होईल. विष उघडतात त्या खोलीत मी आता कधीच जायचं नाही. मी न्हाणीघरात जाऊन पोटभर रडले. बाहेर आले तर बाई दाराशी उभ्या. मला वाटलं समजूत घालतील. त्यांनी विचारलं की तुझं थोडं रक्त देशील का.

कारण असं, की ज्या वस्तूवर माझं शरीर चिडलंय, तिला पकडायचे गळासारखे आकडे माझ्या रक्तात तयार झालेत. ते फक्त तिलाच पकडतात. आम्ही दोन्ही बाटल्यांतल्या टेकड्या एका पापुद्र्यावर पसरल्या आणि त्यावर माझ्या रक्तातलं पाणी ओतलं; आकडे जिथे धरतात तिथे रेघ उठते. नव्या बाटलीकडे काही नाही. जुन्या बाटलीकडे एक काळी रेघ. केसाएवढी बारीक, मावशी, आणि जिथे आम्ही कधी बघितलंच नव्हतं तिथे. मोठ्या प्रथिनाच्या सावलीत एक छोटं प्रथिन लपून बसलं होतं, एकाच टेकडीत दोघं. नवे विंचू लहान वयाचे आहेत, त्यांच्यात ते अजून तयारच होत नाही असं दिसतंय.

जिराफाने ते छोटं एकटं वेगळं केलं आणि पेशीवर टाकलं. मी काचेच्या बाहेर उभी होते, नाक काचेला लावून. त्याने मान वळवली नाही, नुसता हात वर केला. मग मोठं टाकलं, तर दार उघडं. मग परत छोटं, आणि परत हात वर. मी बाहेर अशी ओरडले की शेजारच्या खोलीतले सापवाले काय सुटलं म्हणून धावत आले. जिराफाने बाटलीवर नाव लिहिलंय, शिंक. बाई म्हणाल्या की परिषदेत खोडा, पण घरात असू द्या.

मे महिन्यात मी बोलणार आहे. आनंदाने मला जमिनीवर पाय टेकवत नाहीत. फक्त मधूनच आठवतं की याचं कधी औषध झालंच, तर सगळ्या जगाला चालेल आणि मला चालणार नाही. आणि माझ्या टेबलावर आता जिराफ बसतो. मी काचेच्या अलीकडून सांगते, तो करतो. ते मात्र अजून जड जातं.

लोभ करतेसच, जरा जास्त कर.

तुझी,
भिंगरी


दि. १४ एप्रिल

चि. भिंगरीस,
आशीर्वाद, आणि बेकरीतल्या सगळ्यांचे वेगळे.

पत्र वाचून मी गल्ला उघडा टाकून रस्त्यावर आले आणि दिसेल त्याला सांगत सुटले. त्या दिवशी पाव फुकट गेले की विकले गेले, कुणाला ठाऊक नाही. तुझी आई विंचवाला आता बिचारा म्हणते.

मे महिन्यात मी पहिल्या रांगेत बसेन. शिंकले तर समजून घे, मोठ्या जागी मला येते.

काचेचं म्हणशील तर मला फार सांगता येत नाही. पाव भाजला की नाही ते भट्टीच्या खोलीच्या काचेतूनही दिसतं, हे हळूहळू कळतं. आता तर मी गल्ल्यावरून नुसती ओरडते आणि भट्टीवरच्या बायका ट्रे काढतात, बरोबर वेळेला. फक्त एक ऐक. काचेपाशी एक चांगली खुर्ची मागून घे, पाठ टेकायला असलेली, आणि पहिल्याच दिवसापासून तिच्यावर बस. मी कितीतरी महिने उभीच राहिले होते, आत बोलावतील म्हणून.

माया आहे ती आहेच.

तुझी,
मावशी