तीन घरांतून जाणारी वाट

४ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझी माहितीपुस्तिका पोचली. पोस्टाने नाही. काल दुपारी चार परकी माणसं ती हातात धरून माझ्या घरात शिरली, तेव्हा पोचली. मी एका गिऱ्हाइकाच्या अंगावर अर्धवट शिवलेला झगा टाचण्यांनी बसवत होते. ती बिचारी एका बाहीत हात घालून, दुसरा खांदा उघडा, अशी उभी. चौघांनी हसून माना डोलावल्या, माझ्या मशीनवरून हात फिरवला आणि मागच्या जिन्याने तळ्याकडे उतरले. जाताना एकाने "आहेस का?" म्हणून आरोळी ठोकली आणि बाकीचे खिदळले. गिऱ्हाईक झगा तिथेच टाकून गेली, ती काही परत यायची नाही.

मग मी शेजारून पुस्तिका आणली आणि पान अकरा वाचलं. तळपायाची आग मस्तकात गेली. घड्याळाचा मनोरा, धबधबा, होड्यांचा धक्का, हे लिहिलंस ते ठीक. ते गावाचं आहे. पण आपली गल्ली? म्हणे इथली दारं कधी मिटत नाहीत, कुठल्याही घरात शिरा, हाक द्या, आतून "आहे" असं उत्तर येईल, आणि थेट तळ्यावर उतरा! अरे, आम्ही राहतो इथे. चौदा घरं भिंतीला भिंत लावून उभी आहेत आणि मागे जिना फक्त तीन घरांना आहे, आपल्या, सुताराच्या आणि सुईणमावशीच्या. म्हणून सगळी गल्ली या तीन घरांतून ये-जा करते. त्यात बघण्यासारखं काय आहे?

आणि हाक कशासाठी असते तेही विसरलास? मावशी ब्याऐंशीची आहे. दिवसातून तीस-चाळीस माणसं तिच्या घरातून जातात आणि हाक मारतात, म्हणून ती एकटी राहू शकते. उत्तर आलं नाही तर आत जाऊन बघायचं, हा नियम. तिचा पुतण्या तिला वृद्धाश्रमात ठेवून घर पाहुण्यांना भाड्याने द्यायला टपलाय. तिचं त्याला एकच सांगणं असतं, की माझ्या घरातून वाट जाते तोवर मला कुठे जायची गरज नाही. त्या वाटेवर तू परकी माणसं सोडलीस.

ते पान काढून टाक. तुझ्या पर्यटन कचेरीत काय सांगायचं ते तुझं तू बघ. भावजयीचा कोट शिवून झालाय, या पत्राबरोबरच पाठवतेय. तिच्यावर माझा राग नाही.

तुझी ताई


१२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कोट पोचला, बरोबर बसला. पत्रही पोचलं, तेही बरोबर बसलं. लहानपणापासून तुझी बोलणी खातोय, पण एका पाकिटात इतकी पहिल्यांदाच मिळाली.

आता माझं ऐक. मी खोटं काय लिहिलं? इथे आमच्या इमारतीत शेजारच्या दारामागे कोण राहतं ते मला सात वर्षांत कळलेलं नाही. आपल्या गल्लीचा मला अभिमान वाटतो, तो मी लिहिला. पान अकरा साहेबांनी सगळ्या कचेरीसमोर मोठ्याने वाचून दाखवलं. धबधबे सगळ्यांकडेच असतात, अशी गल्ली कुणाकडे नाही, असं म्हणाले. माणसं यायला लागली की दिवे येतील, रस्ता नीट होईल. चार जणांनी तुझ्या मशीनवरून हात फिरवला तर मशीन झिजत नाही गं.

पुस्तिका छापून वाटून झाल्या, त्या आता परत कशा मागवू? दुसरी आवृत्ती एप्रिलअखेर छापायला जाईल, तेव्हा साहेबांशी बोलतो. त्या आवृत्तीसाठी लोकांकडून फोटोही मागवले आहेत, तुझ्याकडे एखादा चांगला असेल तर पाठव. तोवर दाराला आतून कडी लाव ना. इतकी साधी गोष्ट, त्यासाठी एवढं आकांडतांडव कशाला? मावशीलाही एक लावून दे. मी पायाळू जन्मलो, मला पायांना धरून ओढून काढणारी बाई ती. तिचं वाईट मी चिंतेन का?

राग सोडून लोभ धर, एवढीच मागणी.

तुझा धाकटा


२५ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझा सल्ला सगळ्या गल्लीला आपसूक सुचला होता. दोन आठवड्यांत सुताराने अकरा घरांना कड्या बसवल्या, स्वतःच्याही. मी कालपर्यंत लावली नव्हती. काल सकाळी न्हाणीतून बाहेर येते तर एक गृहस्थ माझ्या खाटेवर बसून बूट काढत होते. दमले होते म्हणे. आता लावली.

मावशी ऐकायलाच तयार नव्हती. सुइणीच्या दाराला आतून कडी घालायची नसते, हा तिचा हेका. पन्नास वर्षं ती म्हणे बसल्या बसल्या झोपली, कुणी बोलवायला आलं तर उठायला वेळ जाऊ नये म्हणून. पण गेल्या आठवड्यात तिघांनी तिच्या चुलीवरच्या भांड्याचं झाकण उचलून आत काय शिजतंय ते बघितलं आणि तिला बाजूला उभी करून फोटो काढले. मी तशीच उठले, सुताराला घेऊन गेले आणि तिच्या दोन्ही दारांना कड्या ठोकून घेतल्या. दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. मग एवढंच म्हणाली, की बाई, तू माझं तोंड बंद केलंस.

आता गल्ली तळ्यावर जायला धक्क्याच्या बाजूने लांबचा वळसा घालते. मावशीच्या घरातून कुणी जात नाही. मी सकाळ-संध्याकाळ डोकावते. पण शाळांचे गणवेश डोक्यावर आलेत आणि मीही माणूस आहे. पलीकडचं घर रिकामं झालं, तिथे दर आठवड्याला नव्या पाहुण्यांच्या पेट्या उतरतात. पुतण्या रोज येऊन मावशीच्या खिडक्या मोजून जातो. त्याला तर तुझी पुस्तिका पाठ आहे.

दुसऱ्या आवृत्तीत ते पान दिसलं तर माझ्याशी गाठ आहे. नुसतं बोलतो म्हणू नकोस, काढ. ते गेलं की कड्या निघतील, एवढी आशा धरून बसलेय.

तुझी ताई


१७ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझ्या उत्तराची वाट बघितली, आलं नाही. आता मीच लिहिते. आठ दिवस लिहायला हात धजत नव्हता.

नऊ तारखेला दुपारी मावशी पुढच्या खोलीत पडली. खुब्याचं हाड मोडलं. त्या संध्याकाळी मी गेले नाही. दुसऱ्या दिवशी साठ गणवेश द्यायचे होते, मशीनवरून उठलेच नाही. सकाळी गेले, हाक मारली, उत्तर नाही. दार ढकललं तर आतून कडी. मीच ठोकून घेतलेली. सुताराने पहारीने उचकटली तेव्हा ती फरशीवर होती, कपडे भिजलेले, ओठ फुटलेले. पहिल्यांदा काय म्हणाली ठाऊक आहे? "आहे." मी पुन्हा विचारण्याआधीच.

एरवी दुपारच्या त्या वेळात दहा माणसं तिच्या अंगणातून आत येऊन मागे गेली असती. पहिल्यानेच उचललं असतं तिला. अठरा तास पडून होती, धाकट्या.

आणि कुणीच आलं नाही असंही नाही. तुझे पाहुणे आले. एक बाई आणि एक पुरुष पुढच्या खिडकीशी उभे राहिले. मावशीचा घसा सुकला होता, आवाज फुटेना, म्हणून तिने हात वर केला. त्यांनीही हसून हात हलवला. पुरुषाने फोटो काढला आणि दोघं गेली. हे ती मला दवाखान्यात सांगत होती, आणि वर त्यांचीच बाजू घेत होती. त्यांना काय माहीत, म्हणाली.

त्यांना माहीत नव्हतं, कारण तू त्यांना अर्धंच सांगितलंस. हाक मारा म्हणून लिहिलंस, आत जाऊन बघा म्हणून नाही लिहिलंस. माझाही दोष आहे, तो मी पदरात घेतलाय. तुझा तू घे.

शस्त्रक्रिया झाली आहे. पुतण्याने घराला बाहेरून कुलूप घातलंय. डॉक्टर म्हणतात चालेल, हळूहळू, पण एकटीला ठेवू नका.

ताई


१८ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तीन आठवडे तुझं पत्र नाही, म्हणजे राग निवला असं धरून चालतो. मीही लिहिलं नाही, कारण काम फत्ते झाल्याशिवाय तुला तोंड दाखवायचं नाही असं ठरवलं होतं. झालं! पान अकराचा सगळा मजकूर काढला. दारं, जिने, हाक, एक शब्द ठेवला नाही. साहेबांशी चांगलीच जुंपली, पण तुझा भाऊ हटला नाही. आता कुणी तुझ्या खाटेवर बसून बूट काढणार नाही.

पान मात्र कोरं ठेवता येत नाही, म्हणून तिथे फोटो टाकलाय. लोकांनी पाठवलेल्या दोनशे फोटोंतून मी स्वतः निवडला. गेल्याच आठवड्यात आपल्याकडे येऊन गेलेल्या एका जोडप्याने पाठवलाय. साहेबांना धबधबा हवा होता, मी म्हटलं हाच. छपाईची कच्ची प्रत सोबत ठेवतोय, कोण आहे ते ओळख. खिडकीतून घेतलाय. आपली सुईणमावशी भर दुपारी गार फरशीवर आरामात लवंडली आहे आणि येणाऱ्याला हात करून बोलावतेय. खाली दोनच शब्द टाकले, 'या, बसा'. साहेबसुद्धा बघत राहिले. बघ, कडी लावलीस तरी मावशीचा जीव किती मोकळा आहे ते.

तिला दाखव आणि काय म्हणते ते कळव. सोमवारी छापायला जातंय. आता तरी माझ्या नावाने एक गोड ओळ लिही.

तुझा धाकटा


२४ एप्रिल

धाकट्या,

सतरा तारखेचं माझं पत्र तुला तुझं पत्र टाकल्यावर मिळालं असणार. म्हणजे फोटो कुणाचा आणि कधीचा, ते तुला आता कळलंय. तरी सोमवार होऊन गेला आणि तुझ्याकडून तार नाही, फोन नाही, की छपाई थांबवली म्हणून निरोप नाही. लाज वाटते म्हणून गप्प असशील. तुझ्या लाजेचं मी काय करू?

ज्या बाईला आपण उभ्या जन्मात दिवसा आडवी पाहिली नाही, ती फरशीवर पडलेली बघून तुला आराम दिसला? तिचा एक पाय कसा वळलाय ते दिसलं नाही? दोनशे फोटो चाळलेस, एकात नीट डोकावला नाहीस. परक्यांना मी एकवेळ माफ करीन. तू तिच्या हातात जन्मलायस.

इकडे मी माझ्या दाराची कडी काढली. सुताराने त्याची काढली. मग दोघं घरोघर फिरलो, पाच घरं तयार झाली, बाकीची तोंड फिरवून बसली. त्यांना तरी काय बोलू? पुतण्याला गल्लीसमोर उभा करून कुलूप काढायला सांगितलं, तर म्हणतो काढतो, पण तीस तारखेपर्यंत बघू, कुणी जात-येत नसेल तर म्हातारीला आश्रमात हलवतो. म्हणजे जेमतेम आठवडा आहे. पाच घरांची माणसं आळीपाळीने जातील, पण तेवढी पुरणार नाहीत.

तुझं पाकीट मी तिच्या खाटेपाशी बसून फोडलं. माझा चेहरा बघून तिने हात पुढे केला, मला लपवताच आलं नाही. चष्मा मागितला. बराच वेळ बघितलं. खालचे दोन शब्द बोट ठेवून वाचले. मग विचारलं, हे कुणी निवडलं.

मी म्हटलं, कचेरीतल्या कुणीतरी. तिच्याशी मी आजवर खोटं बोलले नव्हते. तुझ्यासाठी बोलले, पुन्हा बोलणार नाही. तिने कागद घडी करून उशाखाली ठेवला आणि म्हणाली, आपल्या धाकट्याला कळव, तो असतो तिथे, तो असलं छापू देणार नाही.

भेटायची वेळ चार ते सहा. दुसरा मजला, डावीकडची तिसरी खाट. कोणी निवडलं ते तिला तू येऊन सांग.

ताई