थोरलीची पुढची बाजू

रविवार, ९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुला नमस्कार, आईला एक पापी. फोन असताना हे पत्र कशाला काढलं, असं म्हणशील. फोनवर तू मला दोन वाक्यं धड बोलू देत नाहीस. कागदाला मध्येच तोडता येत नाही.

इकडे थंडी आहे. मी बरी आहे, जेवण वेळेवर. शपथ घालू नकोस, जवळजवळ वेळेवर.

आता कामाचं. गाडीच्या धुराच्या नळीत डबा असतो आणि डब्यात मधाच्या पोळ्यासारखी जाळीदार वीट, हे तुला मी इतक्यांदा सांगितलंय की तूच मला शिकवशील. धूर त्या जाळीतून जाताना त्यातलं विष निवळतं. आजवर वीट कशी आहे हे आम्ही बाहेर पडणाऱ्या धुरावरून ठरवायचो. धूर स्वच्छ, म्हणजे वीट ठणठणीत. आता आम्ही केसासारख्या बारीक नळ्या विटेत कमीजास्त खोलीवर घालतो. इंजिन चालू असतानाच आत कुठे काय चाललंय ते पडद्यावर दिसत राहतं.

आमच्याकडे एक जुनी वीट आहे. सगळे तिला ‘थोरली’ म्हणतात. कितीही राबवा, बाहेरचा धूर स्वच्छ. परवा तिच्यात नळ्या घातल्या, तर पुढची बाजू केव्हाच संपलेली. येईल तो धूर मागचा चतकोर तुकडा एकटा निस्तरत होता. आमच्या साहेबांचं तोंड कधी मिटत नाही, पण ते खुर्चीत बसले आणि हळूच म्हणाले, “अहो, हिनं कळूच दिलं नाही की.”

बाकीचे हसले. मला हसू आलं नाही, कारण त्याच दिवशी सकाळी तुझा फोन झाला होता.

तू नेहमी फोन आईसमोर धरतेस. ती केस विंचरलेली, धुतलेल्या साडीत. तू मागून फक्त आवाज. त्या सकाळी ती चपला घालून दाराकडे निघाली, तू तिला आवरायला धावलीस आणि फोन भिंतीला टेकून तसाच राहिला. मला खोली दिसली. पडदे शिवायची कामं जोरात आहेत म्हणतेस, आणि शिलाई मशीनवर चादरींचा ढीग आणि औषधांच्या बाटल्या. तुझी गादी आईच्या दाराशी आडवी. कडीला पडद्याची दोरी बांधलेली आणि तुझ्या मनगटावर तिचा वळ. रात्री दार हललं की जाग यावी म्हणून, हो ना? फोन उचलून तू म्हणालीस, “सगळं छान आहे गं. तू तुझं काम बघ.”

मीही “बरं” म्हणाले. मग जिन्यात जाऊन रडले.

तुला एक सांगते. त्याआधी फोनवर मला बघून आईनं विचारलं होतं, “ह्या बाई कोण?” तू म्हणालीस, गंमत करतेय. ती गंमत करत नव्हती. समोर जाऊन उभं राहिल्यावर तिनं तेच विचारलं तर काय, ह्या धास्तीनं मी कामाची सबब सांगत आले. धास्ती अजून आहे. पण तुझ्या मनगटापुढे ती फारच लहान वाटली.

साहेबांशी बोलले. नळ्यांचे आकडे आता घरबसल्या पाहता येतात. इंजिनाशेजारी मीच बसलं पाहिजे असं नाही. मी शनिवारी येतेय, आणि परतीचं तिकीट काढलेलं नाही. नको म्हणायला फोन केलास तर मी उचलणार नाही. तू पलीकडच्या खोलीत दार लावून झोपायचं, दुपारपर्यंत झोपलीस तरी कुणी उठवणार नाही. मशीनवरच्या चादरी मी काढीन. दोरी मात्र टाकू नकोस, मला लागेल.

आणि आईनं पुन्हा विचारलं ना, की ह्या बाई कोण, तर समजूत घालत बसू नकोस. सांग, रात्रपाळीच्या बाई आल्यात.

तुझी धाकटी,
म्हणजेच रात्रपाळीची बाई