सारीबुलाकच्या विहिरींवरची चकमक

२ सप्टेंबर १८६१
पोचलो एकदाचा! ओरेनबुर्ग सोडून पन्नास दिवस झाले, उंटावर बसून कंबरेचे टाके ढिले झाले. पण आज स्वतःची खोली मिळाली. गढी याच वसंतात बांधलेली, भिंती अजून ओलसर. खिडकी मात्र थेट सिरदर्या नदीवर उघडते. कॅप्टन झिमीन यांनी स्वतः चहा पाजला. पलीकडचा मुलूख थंडीआधी झारच्या ताब्यात आणायचाय, म्हणाले, आणि दुभाषी हवाच होता. मी तातार, कझाक भाषा आमच्या भाषेची चुलतबहीण. अगदी घरच्यासारखी बोलतो, असं मी ठोकून दिलं.

वाटाड्या बैसेम्बाय कोपऱ्यातून ऐकत होता. साठीचा कझाक, चेहरा देवीच्या वणांनी भरलेला. बाहेर आल्यावर म्हणाला (लिहिता-वाचता येणाऱ्याला हे लोक मुल्लाच म्हणतात), “मुल्ला, तुझं कझाक ऐकून माझा उंट हसेल. पण शिकशील.”

६ सप्टेंबर
उद्या सारीबुलाकच्या विहिरी घ्यायला निघायचं. बैसेम्बायची थोरली बहीण तिथेच राहते. तो फार मागे लागला होता, मला न्या म्हणून. कॅप्टननी मला विचारलं. मी म्हणालो, भाषेसाठी मी एकटा पुरे. उंट हसेल म्हणे!

१० सप्टेंबर
परत आलो. जसं झालं तसं लिहितो.

विहिरींपाशी बारा-पंधरा तंबू होते. एक म्हातारा घोडा दामटत पुढे आला, दोन्ही हात हलवत. वारा मोठा होता. “शे... शे...” असं काहीतरी तो कितीतरी वेळ म्हणत राहिला, मग एकदम, “जवळ येऊ नका! मराल!” कॅप्टननी विचारलं, काय म्हणतो? पहिला शब्द मला लागला नव्हता. पुन्हा विचारायला हवं होतं. पण माझं पहिलंच काम, आणि सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, “जवळ आलात तर मराल— तर मारू, म्हणतो.”

म्हातारा आधी पडला. तंबूंतून सात-आठ जण बंदुका घेऊन धावले, तेही पडले. मग तोफ. बाकीचे वाट फुटेल तिकडे पळाले. अर्ध्या तासात संपलं.

एक तंबू बराच लांब, एकटा होता. मी पडदा उचलून आत पाहिलं. शेशेक. देवी. आमच्याकडेही शब्द जवळजवळ तोच.

कॅप्टनना सांगितलं असतं, तर तो शब्द तेव्हा का नाही कळला, असं त्यांनी विचारलं असतं. मी गप्प राहिलो. शिपायांनी तंबूंचे नमदे, ते लोकरीचे जाड थर, अंथरायला म्हणून गोळा करून उंटांवर लादले, तेव्हाही.

१२ सप्टेंबर
‘शत्रूच्या टोळीशी चकमक.’ कॅप्टनच्या अहवालाची नक्कल मी सुवाच्य अक्षरात केली. बैसेम्बायला विहिरींकडे जाऊ देत नाहीत. त्याने मला गाठलं. तो घोडेस्वार म्हणजे त्याचे दाजी, तोक्सान. शेवटी काय बोलले, विचारत होता. धमकी दिली, म्हणालो.

तो म्हणाला, “दाजी? अरे, ते तोतरे होते. कुत्र्याला हाड म्हणायचं तरी पाच वेळा अडायचे. धमकी कुठली देतायत?”

१७ सप्टेंबर
भरदुपारी, खिडकीखाली: शे... शे...

खाली फक्त नदी. पहारेकऱ्याला विचारलं. त्याने काही ऐकलं नाही.

२१ सप्टेंबर
रोज येतो. रोज त्याच अक्षरावर अडतो. खिडकी लावली तर दाराशी. पुढचा शब्द मी ओरडून सांगितला— शेशेक! शेशेक!— तरी थांबत नाही. मला कळून काय उपयोग, असं असेल.

२३ सप्टेंबर
दोघा शिपायांना ताप. दोघंही त्या नमद्यांवर झोपतात. अजून सांगता येईल. जाळून टाका, एवढंच म्हणायचं—

म्हणालो नाही.

२६ सप्टेंबर
अकरा जण. अंगभर फोड. कॅप्टनही. मला बोलावून म्हणाले, “तो बाहेर कोण ओरडतोय? काय म्हणतोय? सांग की, दुभाषी ना तू?”

त्यांनाही ऐकू येतंय.

कोणी नाही, म्हणालो.

२९ सप्टेंबर
कॅप्टन पहाटे गेले. मला ताप. बैसेम्बाय पाणी पाजतो, कपाळ पुसतो. त्याला देवी होऊन गेल्यात, तो भीत नाही. माझी सेवा का करतो— पुन्हा तेच विचारतो. दाजी काय बोलले?

३० सप्टेंबर
बाहेर शांत. पाणी मागायला तोंड उघडलं. शे— शे—

माझ्याच गळ्यातून.

१ ऑक्टोबर, बहुतेक
सगळं सांगायला बसलो. त्या एका अक्षरापुढे जीभ जात नाही. लिहून दाखवतो— त्याला वाचता येत नाही. तो उशाशी बसलाय. सावकाश, म्हणतो. घाई नाही. दाजींसाठीही मी असाच थांबायचो.

थांबू नकोस. विहिरींकडे जा.

बैसेम्बाय, त्या लांबच्या तंबूत दोघी जिवंत होत्या. मी पडदा सोडून दिला. एकीला वाटलं, तू आलास. तिनं तुझं नाव घेऊन हात—