एकशे सदतीस शालींचं द्रावण

६ ऑक्टोबर २०२५, सकाळी ७.१०
नाल्याच्या कठड्याशी उभा राहून आलो. डोंबिवलीच्या नाल्यात आता पाणी नसतंच, पिशव्या वाहतात. किळस आली. परतताना वडापाववाला चटणीच्या पिशवीला गाठ मारत होता. पुन्हा किळस. संकल्प: आजपासून प्लास्टिकला स्पर्श नाही. टूथब्रश, चष्मा आणि मोबाइल अपवाद.

७.४०
चहा घेतला. दूध पिशवीतलं होतं, पण पिशवी कल्पिताने फोडली. मी फक्त बायकोच्या हातचा चहा प्यालो.

८ ऑक्टोबर
पुतणी आलेली. रुचिता, वागळे इस्टेटमधल्या एका प्रयोगशाळेत संशोधन करते. पोह्यांवर शेव घालता घालता म्हणाली, कापसात, लाकडात, कागदात सेल्युलोज असतं, ते पाण्यात विरघळत नाही. पण आयनिक लिक्विड म्हणून एक प्रकारचे क्षार असतात, क्षार असूनही काकवीसारखे पातळ. त्यात सुती कापड टाकून तापवलं की पाकातल्या साखरेसारखं विरघळतं. मग वर पाणी घातलं की सेल्युलोज परत बाहेर येतं, आपल्याला हव्या त्या रूपात. धागा काढा, नाहीतर प्लास्टिकसारखा पारदर्शक कागद. आणि हा कागद मातीत कुजतो!

शेव घालता घालता! अशी क्रांती माणूस उभं राहून सांगतो. मी उभा राहिलो. वीस मिनिटं बोललो. कल्पिता म्हणाली, अहो, तिचे पोहे गार झाले.

८ ऑक्टोबर, रात्री
योजना तयार. २ नोव्हेंबरला व्याख्यानमालेचं पहिलं पुष्प. सलग अकरा वर्षं ते मीच गुंफतो. विषय: ‘प्लास्टिकासुराचा वध’. बत्तीस वर्षांत सत्कारात मिळालेल्या माझ्या १३७ शाली विरघळवायच्या आणि त्यांचा पारदर्शक ध्वज व्यासपीठावर फडकवायचा. शाल म्हणजे कापड, कापड म्हणजे कापूस, कापूस म्हणजे सेल्युलोज. रुचिता म्हणाली, काका, लेबल बघितलंत? मी म्हटलं, प्रेमाला लेबल नसतं.

९ ऑक्टोबर
मालेचा कार्यवाह साकेत याला फोन. तिशीतला, नम्र. म्हणाला, सर, एक नंबर! खरं सांगू का, यंदा समितीला तुमच्या जागी स्टँडअपवाला हवा होता. गेल्या वर्षी निम्मा हॉल मध्येच उठून गेलेला. पण प्रयोग दाखवणार असाल तर तुमचं नाव मी लावून धरतो.
गेल्या वर्षी लोक भारावून उठले होते. तरी प्रयोग होणारच. विनोदवीर आणि पहिलं पुष्प? किळस.

११ ऑक्टोबर
वागळे इस्टेट. शाली पाच नेल्या. आयनिक लिक्विडच्या बाटलीचं झाकण काढून रुचिताच्या सहकाऱ्यांसमोर थोडं बोललो. रुचिता तीनदा म्हणाली, काका, झाकण. मी विषय सोडत नाही. शेवटी कळलं की हे द्रव हवेतला ओलावा पितं आणि पाणी प्यालं की कापूस विरघळवत नाही. आता ते दोन दिवस सुकवावं लागणार. एवढं हळवं द्रव क्रांती काय करणार?

१४ ऑक्टोबर
शालीचा तुकडा नव्वद अंशांवर सहा तास ठेवला. विरघळला नाही. उलट उजळला. रुचिता म्हणाली, काका, पॉलिएस्टर आहे. मी म्हटलं, अगं, ही साहित्य मेळाव्याची आहे. ती म्हणाली, मग मेळाव्याची पॉलिएस्टर. माझ्या मते द्रवच भेसळीचं असणार.

१६ ऑक्टोबर
दिवाळीची साफसफाई. कल्पिताने शालींचं कपाट रिकामं केलं. प्रयोगशाळा कशाला हवी, म्हणाली, माझ्या आईने शिकवलेलं आहे. सुताची राख होते, जळक्या कागदाचा वास येतो. पॉलिएस्टर म्हणजे प्लास्टिकच, त्याची वितळून कडक गोळी होते. प्रत्येक शालीचा एक धागा काढून चिमट्याने गॅसवर धरू लागली. मी हॉलमध्ये, ती किचनमधून ओरडतेय: गोळी! गोळी! अठ्ठ्याऐंशीव्या शालीला थांबली. मी देवाचं नाव घेतलं, मी नास्तिक असूनही. मग म्हणाली, थांबा हां, धागा पडला होता. गोळी!

वाटीत मोहरीएवढ्या १३७ गोळ्या. म्हणजे बत्तीस वर्षं मी प्लास्टिकविरुद्ध बोललो आणि लोकांनी दरवेळी खांद्यावर प्लास्टिक टाकलं. नाल्यालासुद्धा एवढं कोणी दिलेलं नाही. किळस, किळस, किळस. कल्पिता एवढंच म्हणाली, आणि त्याला मी लोखंडी कपाट दिलेलं.

१७ ऑक्टोबर
सर्व संस्थांना निषेधाची जळजळीत पत्रं. पहिलं अर्थात व्याख्यानमालेला. लिहून झालं. २ तारखेनंतर टाकेन.

२५ ऑक्टोबर
दिवाळीनंतर प्रयोगशाळा उघडली. कल्पिताने रुचिताकडे परस्पर एक पायपुसणं दिलं होतं, जुन्या सुती लुगड्याचं, उकळून धुतलेलं. दोन तासांत विरघळलं. काचेवर पसरून पाण्यात बुडवलं, वाळवलं. तळहाताएवढा, आरपार दिसणारा कागद. पायपुसणं! तरी विचार करता, त्याला वर्षानुवर्षं माझेच पाय पुसले आहेत. योगदान नाकारता येणार नाही.

२८ ऑक्टोबर
साकेत प्रयोग बघायला आला. रुचिताने आठ मिनिटांत समजावलं. त्याचा फोन दोनदा वाजला, त्याने पाहिलाही नाही. बाहेर येऊन म्हणाला, सर, राग मानू नका, बोलू दे हिलाच. तुम्ही अध्यक्ष व्हा.
म्हणजे बढती. अध्यक्ष शेवटी बोलतो, आणि शेवटच्याला कोण थांबवणार? पत्रिकेत ‘अध्यक्षीय समारोप: २ मिनिटे’ छापलंय. शून्य राहून गेलं असावं. भाषणाची एक्केचाळीस पानं तयार आहेत.

२ नोव्हेंबर, रात्री ९.३०
हॉल भरलेला. मागे लोक उभे. रुचिता पंधरा मिनिटं बोलली. हातवारे नाहीत, चढउतार नाहीत. कागद हातोहात फिरला. एका आजोबांनी विचारलं, पोरी, याची दुधाची पिशवी होईल का गं? म्हणाली, अजून नाही आजोबा. पाण्यात हा मऊ पडतो, आणि ते द्रव फार महाग आहे, पुन्हा पुन्हा वापरता आलं पाहिजे. त्यावरच काम चाललंय. यावर टाळ्या! ‘अजून नाही’ला टाळ्या! बत्तीस वर्षांत मी हे दोन शब्द व्यासपीठावर उच्चारलेले नाहीत.

मी उठलो. पहिलं पान संपायच्या आत साकेतने घंटा वाजवली. शून्य राहिलेलं नव्हतं.

मग वक्त्यांचा सत्कार, अध्यक्षांच्या हस्ते. साकेतने माझ्या हातात शाल दिली. मी उलगडली, पुढे झालो. रुचिताने टोक दोन बोटांत चोळलं आणि हसून म्हणाली, नको काका, पॉलिएस्टर आहे. माइक चालू होता. अख्खा हॉल उभा राहिला. पहिल्या रांगेत कल्पिता सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होती. माझी एक्केचाळीस पानं हेच सांगत होती, जरा विस्ताराने.

सगळे रुचिताभोवती जमले. मी खुर्चीत, शाल हातात. परत घ्यायला कोणी आलं नाही. एसी थेट अंगावर येत होता. इकडेतिकडे पाहिलं आणि पांघरली.

ऊब चांगली देते.