घरखाण्याची तूर

कनेरगाव नाका,
ता. ११ मार्च २००८

चि. प्रतिक्षा,

तुला, जावईबापूंना आणि बाळाला पोटभर आशीर्वाद. इकडे सगळं बरं आहे. उन्हं वाढली तसा तुझ्या आईचा गुडघा जरा ऐकायला लागलाय. तांबडी गाय व्याली, कालवड झाली. आईने खरवस केला आणि तू नाहीस म्हणून अर्धा शेजारी वाटून टाकला.

तुझं पत्र मी आईला वाचून दाखवलं, पण मधला मजकूर गाळला. हे पत्र जळबाजवळ देतोय, तो उद्या पुण्याला लेकाकडे निघालाय. फोन केला असता, पण फोन आला की आई शेजारी कान देऊन बसते.

तू लिहिलंस, की तुमच्याकडे आता बिनऔषधाच्या धान्याचं दुकान निघालंय, बायका रांग लावतात. तिथे तुरीच्या डाळीच्या पिशवीवर आपल्या गावाचं नाव छापलेलं दिसलं आणि तुझं मन भरून आलं. लगेच घेतलीस. पण ती तुम्हा दोघांपुरती. बाळाच्या उष्टावणाला मात्र बाबांनी पाठवलेल्या डाळीचंच पाणी, म्हणून तो डबा वेगळा ठेवलास.

प्रतिक्षा, तो डबा उघडू नकोस.

आपल्याकडची रीत तुला ठाऊक आहे. विकायच्या तुरीवर औषध मारायचं, आणि विहिरीकडच्या चार तासांत, म्हणजे चार ओळींत, घरखाण्याची तूर, तिला थेंब लागू द्यायचा नाही. आजोबांनी लावलेली रीत. लोकांनी काय खावं हे आपण कधी मनावर घेतलं नाही. आपलं ताट स्वच्छ, म्हणजे झालं.

यंदा नाक्यावरचा व्यापारी ओमप्रकाश घरी आला. म्हणाला, "काका, मोंढ्याच्या बाजारातला माल नको मले. तुमी घरी खायाला ठेवता ना, तीच द्या. पुण्याचे लोक तीच मागून राहिले." आईने चार तासांची तूर वेगळी बांधून ठेवली होती. ती शेतात गेली असताना मी ते पोतं त्याच्या टेम्पोत टाकलं आणि जागेवर दुसरं ठेवलं. भाव असा होता की मला मोह आवरला नाही. बाळाचे चांदीचे वाळे त्यातलेच.

त्या दुसऱ्या तुरीवर शेंगा भरल्यावरसुद्धा मी औषध मारलं होतं. अळीने डोकं फिरवलं होतं माझं.

आईने तीच तूर भिजवली, वाळवली, जात्यावर भरडली. तुझ्यासाठी एकेक दाणा निवडला. मी खाटेवरून बघत होतो आणि म्हणालो, "जरा जास्त भर, लेकरू खाईल." म्हणालो खरा. डाळ धुतली की सगळं निघून जातं, अशी मनाची समजूत घातली होती. तुझ्या पत्रात उष्टावणाचं वाचलं आणि ती समजूत घशाखाली उतरेना.

आई रोज म्हणते, "यंदा वरणाला चवच न्हाई. माह्या हाताला काय झालं, काय की!" मी दुसऱ्यांदा वाढून घेतो. तिने सगळा दोष स्वतःच्या हाताला लावून घेतलाय आणि मी तो लावू दिला. आज संध्याकाळी तिला सांगणार आहे. आधी तुला लिहिलं, म्हणजे मला माघार घेता येणार नाही.

तुला राग येईल. येऊ दे. वाळे बाळाच्या पायात घालू नयेत असं वाटलं तर जळबाजवळ परत दे, मी काही म्हणणार नाही.

पण उष्टावण टाळू नकोस. दुकानातल्या पिशवीतली डाळ शिजव. ती विहिरीकडची आहे, तुझ्या आईने खुरपलेली. बाळाला पहिला घास आजोळचाच मिळू दे, फक्त तो मी पाठवला नाही, तू विकत घेतलास.

तोंड दाखवायला जागा न ठेवलेला,
तुझा बाप
वैजनाथ