मोहाच्या लाडवांची सायबर सुरक्षा

३ नोव्हेंबर, सकाळी
पुण्याहून चंचलचा फोन. मामेभाऊ आहे, सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यामुळे उगाच घाबरतो. म्हणे, साइटवर तारीख दाखवणारं एक फुकटातलं पॅकेज, म्हणजे आयता कोड, आहे, त्यात कोणीतरी पासवर्ड चोरणारा व्हायरस घुसवलाय. बायकोच्या, म्हणजे नूतनच्या, बचत गटाची मोहफुलांच्या लाडवांची साइट मीच बनवलेली. त्यात तेच पॅकेज. भाऊ, तू कायलेच हात नको लावू, फक्त व्हर्जन सांग, म्हणाला. हात न लावणं माझ्या स्वभावात नाही. (दोन वर्षांत साइटला हात लागलेला नाही, पण ते कामाच्या गर्दीमुळे.)

दुपारी
'अहेरी सायबर सुरक्षा समिती' हा व्हॉट्सअॅप ग्रुप काढला. सदस्य दोन. बायको ग्रुप सोडून गेली.

४ नोव्हेंबर
गटाच्या अध्यक्ष बायनाबाई घरी आल्या. नागपूरचा दुकानदार शुक्रवारी साइटवरूनच मोठी ऑर्डर देणार. बायांनी त्या भरवशावर लाडू वळूनही ठेवलेत. बाबू, काई होईन तर नाई ना, असं पुन्हा पुन्हा विचारत होत्या. म्हटलं, मी आहे ना. निघताना म्हणाल्या, साइटवर दोन दिवाळ्यांपासून तोच फोटो काऊन हाये? टीका करायला काय जातं!

५ नोव्हेंबर
व्हर्जन बघायचं होतं. नेट नव्हतं. नेट आलं तेव्हा जेवण झालेलं. पडलो.
उठल्यावर निर्णय घेतला: जुनं ते सगळं धोक्याचं. साइटची सगळी पॅकेजं एका झटक्यात अपडेट करून टाकली. घर सारवून काढल्यासारखं वाटलं. चंचलला कळवलं, धोका टळला. उत्तर नाही. चाट पडला असणार. गटाने सत्कार केलाच तर शाल नको म्हणायचं, एक आहे.

६ नोव्हेंबर
चंचलचा फोन. व्हायरस फक्त नव्या व्हर्जनमध्ये होता. आपलं जुनं साफ होतं. भाऊ, चोर रस्त्यानं चालला होता, तू त्याले घरात बोलावून चहा पाजला, म्हणे. साइटवर आता ऑनलाइन रमीची जाहिरात आहे. माझं फेसबुकही लोकांना रमी खेळायला बोलावतंय. पासवर्ड सगळीकडे एकच ठेवला होता, लक्षात राहावा म्हणून.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
नागपूरवाल्याने साइट उघडली, रमी बघितली आणि ऑर्डर जिवती गावच्या बचत गटाला दिली. जिवतीच्या गटाला साइटच नाही.
बायनाबाईंनी लाडवांचे डबे मोजून आमच्याच ओसरीवर आणून ठेवले.
संध्याकाळी नूतनने ताटात भाताच्या जागी लाडू वाढले. म्हणे, खा, आता गिऱ्हाईक तुमीच.
पाचवा चालू आहे.