भंत्यांच्या पात्रातला साबण

चि. मलीवान हिला थोरल्या बहिणीचे पोटभर आशीर्वाद.

तुझा खोकला गेला का? रायोंगच्या कारखान्यात अजून बारा-बारा तास उभं करतात का? इकडे आईचे गुडघे कुरकुरतात, जीभ मात्र ठणठणीत आहे. (फोनच केला असता, पण ती कान लावून बसते.) अगं, बातमी अशी आहे की कधी एकदा सांगते असं झालंय! पण क्रमाने सांगते.

आमच्या बायकांच्या गटाचा तांदळाचा साबण बघायला बँकॉकहून हॉटेलवाल्या राचनीबाई येणार होत्या. त्यांना पसंत पडला तर वर्षभराचं काम, आणि गावात काम मिळालं तर घरी परत येईन, असं तू म्हणाली होतीसच. सहा आठवडे वाळून तयार झालेल्या वड्या फक्त बारा, बाकीच्या अजून लोण्यासारख्या. (तांदूळ आपल्याच बिनखताच्या शेतातला, तेल खोबऱ्याचं.) त्या बारा मी केळीच्या पानात छान बांधल्या आणि स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवल्या. माझी चूक एवढीच.

बाई यायच्या त्याच दिवशी उपोसथाचं व्रत, दानधर्माचा दिवस. आई पहाटे उठली आणि तिला वाटलं, साबण पसंत पडावा म्हणून काहीतरी गोड दान करावं. फळीवरच्या पुड्या बघून ती समजली की मी केळं घातलेला चिकट भात करून ठेवलाय. (वासही तांदळाचाच, ती तरी काय करणार?) रस्त्याकडेला गुडघे टेकून तिने बाराच्या बारा पुड्या भिक्षेला आलेल्या भंत्यांच्या पात्रांत घातल्या. साबण पसंत पडावा म्हणून साबणच दान केला बयेने!

मी धावत विहारात गेले. पण एकदा पात्रात पडलेलं परत मागायचं कुठल्या तोंडाने? भंते जेवले की उरलेलं आपल्याला वाटतात, तेवढीच आशा. म्हणून हात जोडून बसले आणि आज कुणालाही गोड खावंसं वाटू नये, अशी भर विहारात प्रार्थना करत राहिले. तर थोरल्या भंत्यांनीच पुडी सोडली. घास घेतला, चावला. दानाला नावं ठेवायची नसतात, म्हणून शांतपणे गिळलासुद्धा. मग आशीर्वादाची गाथा सुरू केली आणि शब्दाशब्दाला तोंडातून बुडबुडा! बायका आधी घाबरल्या, मग त्यांना तो चमत्कार वाटला. तेवढ्यात दारात राचनीबाई. (लवकर आल्या होत्या, शेजाऱ्यांनी इकडे धाडलं.) मी मान खाली घालून सगळं सांगून टाकलं. बाईंनी घाबरून भंत्यांना विचारलं, काही त्रास होतोय का.

ते म्हणाले, "त्रास नाही. गोडी जरा कमी पडली."

बाई हसत सुटल्या. उरलेल्या अकरा वड्या परत मिळाल्या, त्यातल्या एकीने बाईंनी तिथल्याच रांजणावर तोंड धुतलं, गाल चोळचोळून बघितले आणि वर्षभराची मागणी पक्की केली. सही झाली, मली! वड्या कापायची जागा तुझी. कारखान्याला रामराम ठोक आणि ये.

तुझी ताई,
सायफिन

ता.क. दान देताना आईने नवसही बोलून टाकला आहे. साबण पसंत पडला तर मलीवान नऊ दिवस पांढरी वस्त्रं नेसून साध्वीसारखी विहारात राहील. म्हणजे डोकं भादरावं लागणार. भुवयासुद्धा. तू चिडशील म्हणून वर लिहिलं नाही.

ता.क. दुसरा. तुझ्याऐवजी मी बसते म्हटलं, तर आई ऐकेना. शेवटी हळूच म्हणाली, "चार वर्षं येते येते म्हणतेय. कामासाठी येईल, न येईल. नवस चुकवायची तिची हिंमत नाही."